मनाचे दुखणे आणि ऐकणारा कान

आपल्या घरी कोणाचा पाय मोडला, तर त्यास "पाय घट्ट कर" असे कोणी सांगत नाही. त्यास उचलून डॉक्टरांकडे नेतात, हाड बसवितात, आणि पुढे सहा आठवडे त्याच्या हाती पाण्याचा पेला नेऊन देण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. परंतु तोच मनुष्य भीतीने रात्र रात्र जागू लागला, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयास कचरू लागला, तर सारे घर एकमुखाने म्हणते, "मन घट्ट कर." या तीन शब्दांमागे माया असते हे मी नाकारीत नाही. तथापि माया आणि उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मायेच्या माणसांनीच उपचाराची वाट मोकळी करून द्यावयाची असते. हा अनुभव आमच्या घरास आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे आईवडील मूळचे कोल्हापूरकडचे. 1977 साली लग्न होऊन आई डब्लिनला आली. माझा जन्म येथला, शिक्षण येथले, आणि नोकरीही येथीलच एका प्राथमिक शाळेत. आमचे घर सँट्रीत. पुढे जे लिहीत आहे, ते आईला वाचून दाखवून, तिच्या अनुमतीनेच लिहीत आहे. "लिही गं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असे ती म्हणाली.

2021 च्या जानेवारीत, करोनाच्या साथीच्या ऐन भरात, माझे वडील रुग्णालयात निवर्तले. त्या दिवसांत रुग्णास भेटण्यास मनाई होती. एका परिचारिकेने फोन बाबांच्या कानाशी धरला, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप आईने दोन-चार मिनिटांत त्या फोनवरून घेतला. अंत्यविधीस केवळ दहा जणांस परवानगी होती. ग्लासनेव्हिनच्या दाहगृहातील विधी कोल्हापूरच्या काकांनी आणि आत्यांनी पडद्यावर पाहिला. शववाहिका आमच्या रस्त्यावरून निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे आयरिश शेजारी आपापल्या फाटकाशी कडाक्याच्या थंडीत मूकपणे उभे होते. त्या काळी या देशात गावोगाव लोक असेच उभे राहत. आईने ते पाहिले. मात्र तिच्या पाठीवर हात ठेवण्याइतके जवळ कोणास येता येत नव्हते.

साथ ओसरली, पण आईची भीती ओसरली नाही. बोमाँटचे मोठे रुग्णालय सँट्रीपासून जवळच असल्याने रुग्णवाहिकेचा भोंगा आमच्या कानी सदैव पडतो. तो ऐकला की आईच्या काळजात धस्स होई, हात थरथरू लागत, घशास कोरड पडे. फोन वाजला की ती स्वयंपाकघरात निघून जाई. ओम्नीच्या बाजारात जाणे तिने सोडले, उद्यानातील फेरी सोडली, शेवटी मंडळाचे कार्यक्रमही सोडले. भारतातून फोन येत: "वहिनी, मन घट्ट करा. नामस्मरण करा." ती नामस्मरण करीतच होती. परंतु आपण करूनही आपली भीती जात नाही, म्हणजे आपल्या श्रद्धेतच काही उणे असले पाहिजे, ही नवी टोचणी त्या प्रेमळ उपदेशाने तिच्या मागे लागली.

मानसोपचाराचे नाव काढताच ती म्हणाली, "मला काय ठाण्याला पाठवतेस?" ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांस या उद्गाराचा अर्थ सांगावयास नको. 1901 साली ठाण्यास मनोरुग्णालय निघाले, आणि त्या गावाचे नाव तसेच येरवड्याचे नाव मराठी थट्टेत कायमचे जाऊन बसले. या देशातही स्थिती निराळी नव्हती. आयर्लंडात 1961 साली दर हजार लोकसंख्येमागे सातांहून अधिक खाटा मनोरुग्णालयांत होत्या, आणि हे प्रमाण जगात सर्वाधिक असावे असे 1966 च्या चौकशी आयोगाने नमूद केले. डब्लिनचे ग्रेंजगॉर्मन हे नाव येथील आजीबाई कुजबुजत्या स्वरात उच्चारीत. आत्महत्येचा प्रयत्न हा येथे 1993 पर्यंत गुन्हा मानला जात असे. सारांश, मनाच्या दुखण्याची लाज ही काही केवळ आपलीच मिरासदारी नव्हे.

पण काळ पालटतो. ग्रेंजगॉर्मनच्या त्या आवारात आज विद्यापीठ भरते. ज्या ठाण्याच्या नावाने आपण थट्टा करीत आलो, त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापिली, आणि मन मोकळे करण्यासाठी साधी माणसे आपल्या पायांनी तेथे जाऊ लागली. हे मी आईला सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. मात्र तिने ते तिच्या बहिणीस फोनवर विचारले, आणि बहिणीने "अगं, आमच्या शेजारची सूनही जाते की," असे सांगितल्यावर ती डॉक्टरांकडे येण्यास तयार झाली.

याच सुमारास मी गीतेचा आरंभ नव्याने वाचला. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन आपली लक्षणे सांगतो: गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, मन भ्रमते. आईचे दुखणे डॉक्टरांपुढे सांगताना मी हेच शब्द वापरले असते. अर्जुन हे सारे बोलत असता श्रीकृष्ण मध्ये एकदाही बोलत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी तो बोलतो, ते मात्र आपल्या घरांतल्यासारखेच, "हे दुर्बलपण सोड, ऊठ" अशा अर्थाचे. आणि आश्चर्य हे, की त्याने अर्जुन उठत नाही! तो पुन्हा आपली व्यथा सांगतो, मार्ग विचारतो, आणि लढणार नाही म्हणून गप्प बसतो. खरा संवाद त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. अर्जुन शंका काढीत राहतो, आणि उत्तर देणारा कंटाळत नाही. गीतेचे तत्त्वज्ञान थोर आहेच. पण खचलेल्या माणसास एका वाक्याच्या उपदेशाने उभे करता येत नाही, ही तीमधली साधी गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

आमच्या डॉक्टरांनी प्रथम आईचे रक्त व हृदय तपासले. कारण धडधड आणि थरथर यांचे मूळ कधी कधी शरीरातही असते. मग त्यांनी समुपदेशनासाठी चिठ्ठी दिली. चार महिने वाट पाहावी लागली. समुपदेशक या येथल्याच एक आयरिश बाई होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसत असे. आत काय झाले हे आईने आपण होऊन सांगितले तेवढेच मला ठाऊक.

पहिल्या भेटीत आई फारसे बोललीच नाही. तिचे इंग्रजी बाजारहाटापुरते उत्तम आहे, पण दुःख त्यात मावत नव्हते. बाईंनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्याच भाषेत बोला. मला कळणार नाही, पण मी ऐकेन. नंतर जमेल तेवढे इंग्रजीत सांगा." आई वीस मिनिटे मराठीत बोलली आणि, बाबा गेल्यानंतर प्रथमच, मनसोक्त रडली. पुढच्या खेपेस 'हुरहूर' या शब्दापाशी ती अडली. त्यास इंग्रजीत शब्द सापडेना. तेव्हा बाईंनी तो शब्द आपल्या वहीत इंग्रजी अक्षरांत टिपून घेतला, आणि त्यापुढे दर भेटीत "या आठवड्यात हुरहूर कशी आहे?" असे विचारू लागल्या. मी शाळेत आयरिश भाषाही शिकविते. त्या भाषेत 'कूआ' असा एक शब्द आहे. वियोगाचे दुःख आणि घरची ओढ हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. घर सोडून दूरदेशी जाण्याचे दुःख या देशाने पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. तो शब्द मी आईला सांगितला, आणि तिने तो बाईंना सांगितला.

करुणा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. भीतीचे कार्य कसे चालते हेही बाईंनी तिला समजावून दिले. ज्याची भीती वाटते ते टाळले, की क्षणभर बरे वाटते. परंतु त्यामुळे "टाळले म्हणून वाचलो" असा पाठ मन गिरविते, आणि पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होते. यावर उपाय, म्हणजे लहान लहान पायऱ्यांनी तिच्याकडे परत जाणे. प्रथम भोंगा ऐकू आला असता घरात न पळता खिडकीशी उभे राहणे, मग फाटकापर्यंत, मग सँट्रीच्या उद्यानातील पहिल्या बाकापर्यंत, मग ओम्नीपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबावयाचे. शिक्षिका या नात्याने मला ही पद्धत ओळखीची वाटली. बेरीज येत नसता भागाकार कोण शिकविते?

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 साली असे प्रतिपादिले की, माणसात पालट घडावयाचा तर ऐकणाऱ्याच्या अंगी खरेपणा, समोरच्याचा अटीवाचून स्वीकार, आणि त्याच्या जागी उभे राहून समजून घेण्याची शक्ती असावी लागते. पुढील काळात अनेक उपचारपद्धती निघाल्या. भीषण आघातानंतर स्मृती वारंवार अंगावर येऊ लागल्या, तर त्यासाठी खास शास्त्रशुद्ध पद्धती आहेत. काही रुग्णांस औषधेही लागतात, आणि ती घेण्यात काहीही लाजिरवाणे नाही. तरी ऐकणाऱ्याशी विश्वासाचे नाते जुळणे ही गोष्ट प्रत्येक पद्धतीत मोलाचीच राहिली. म्हणून पहिल्याच समुपदेशकाशी मन जुळले नाही, तर निराश न होता दुसरा शोधावा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. येथील आरोग्यसेवेत, मेडिकल कार्ड असलेल्या प्रौढांस 2013 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आठ भेटींपर्यंत विनामूल्य समुपदेशन मिळू शकते. खासगी समुपदेशकाकडे जावयाचे असल्यास तो कोणत्या मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचा सभासद आहे हे प्रथम निःसंकोच विचारावे. रात्री-अपरात्री जीव फारच घाबरा झाला, तर 116 123 या क्रमांकावर समॅरिटन्सचे स्वयंसेवक अहोरात्र ऐकावयास बसलेले असतात. त्या फोनास पैसे पडत नाहीत. जिवासच धोका वाटला तर 112 वा 999 फिरविण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. भारतातील आप्तांसाठी 2022 पासून 14416 या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा आहे.

आई पूर्ववत झाली असे मी म्हणणार नाही. बाबा परत आले नाहीत, तेव्हा पूर्ववत होणार तरी कसे? अवेळी वाजलेला फोन अजूनही तिला दचकवितो. पण आता ती तो उचलते. गेल्या वर्षी ती एकटी बसने रुग्णालयावरून गेली, आणि घरी येऊन प्रथम चहा टाकला.

आपल्या मंडळात आज नाना प्रकारचे स्थित्यंतर सोसणारी माणसे आहेत. कोणी नुकत्याच आलेल्या परिचारिका, ज्यांची लेकरे अद्याप भारतातच आहेत. कोणी नोकरी गेलेले. कोणी मुलांपाशी राहावयास आलेले आणि दिवसभर बंद घरात बसून असणारे वृद्ध. वर्गातील मूल लागोपाठ तीन दिवस आले नाही, तर आम्ही शिक्षक त्याच्या घरी विचारपूस करतो. गणपतीला, दिवाळीला नित्य येणारे एखादे माणूस येईनासे झाले, तर आपणही तसेच करावे. जावे, त्याच्यापाशी बसावे, उपदेश न करता ऐकावे, आणि त्याची तयारी दिसताच म्हणावे, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी येते बरोबर."