२००४ साली आपण काय गमावलं? वामनदादा, प्रल्हाद शिंदे आणि आपली आजची जयंती

आपल्या चळवळीत काही सालं लहान पोरांनाही पाठ असतात. १९२७ म्हटलं की महाड, १९५६ म्हटलं की दीक्षाभूमी. २००४ हे साल मात्र कुणी काढत नाही. पण आपल्या गाण्याचा इतिहास लिहायचा झाला तर या सालाला वेगळं पान द्यावं लागेल. १५ मे २००४ ला लोककवी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून २००४ ला प्रल्हाद शिंदे गेले. फक्त एकोणचाळीस दिवसांचं अंतर. एकानं आपल्याला शब्द दिले, दुसऱ्यानं आवाज दिला. त्यांच्यामागे आपण त्या शब्दांचं आणि आवाजाचं काय केलं, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांवर काम करताना जे बघतो, त्यावरून विचारतो आहोत.

आधी वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस मुंबईत मजुरी करता करता अक्षर शिकला आणि पुढची साठ वर्षं गावोगाव फिरून हजारो गाणी लिहून, गाऊन गेला. बाबासाहेबांचा विचार इंग्रजी ग्रंथांत होता, आणि आपल्या आज्या-आजोबांना मराठीही वाचता येत नव्हतं. ते अंतर वामनदादांसारख्यांनी तोडलं. त्याआधी भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले होते. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण गणातला गणपती काढला, गवळणीतला चावटपणा काढला, आणि वगात शाळा, पाणवठा, मंदिरप्रवेश, सावकार आणला. सत्यशोधक जलशांनी पाडलेली वाट पुढे नेणारं ते काम होतं. कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र चालणारी ती आपली शाळाच होती.

आता प्रल्हाद शिंदे. मूळचे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३ चा. त्यांनी कव्वाली गायली, भीमगीतं गायली, लोकगीतं गायली आणि विठ्ठलाची गाणीही गायली. इथेच आपल्या पोरांचं घोडं अडतं.

तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या भागातून जाते. उंडवडी, बारामती, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. रस्त्याच्या कडेला चहा-नाश्त्याचे मांडव लागतात आणि स्पीकरवर प्रल्हाद शिंदेंचा आवाज असतो. दोन-तीन महिने आधी, एप्रिलमध्ये, तोच आवाज आपल्या समाजमंदिरावरच्या कर्ण्यातून येत असतो. म्हणजे एकाच माणसाचा आवाज वर्षातून दोनदा गावात येतो. चैत्रात तो बौद्धवाड्यातून येतो, आषाढात वेशीतून. आषाढात त्याच्यावर मान डोलवणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की हा भीमाचा गाणारा आहे? २००४ सालीही ते गेले तेव्हा आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती आणि वारी चालू होती.

आमच्या बैठकांत पोरं विचारतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गायकानं विठ्ठल का गावा? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायलाच हवा. आम्ही स्वतः विठ्ठलाची पूजा करत नाही, करणारही नाही. पण प्रश्न अर्धा विचारून चालत नाही. गळ्यावर पोट असलेल्या माणसाला त्या काळात पैसे कुठे मिळत होते? रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांना बाजार कुठला दिसत होता? भीमगीत गाणाऱ्याला आपण काय देत होतो? टाळ्या, जय भीम, आणि पहाटे परतीच्या एसटीचं भाडं. ज्या समाजानं आपल्या कलावंताचं घर चालवलं नाही, त्यानं त्याला बाजारात गेल्याबद्दल जाब विचारताना थोडं थांबावं.

दुसरी गोष्टही आहे. याच मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाचं काम करता करता दरडीखाली मेला. त्याचे अभंग आत गायले गेले आणि त्याला पायरीखाली जागा मिळाली. बाबासाहेबांना ही सगळी व्यवस्था माहीत होती. तरी १९४८ साली आलेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. बाबासाहेबांनी चोखोबाचा देव घेतला नाही, पण चोखोबाला सोडलंही नाही. आम्ही प्रल्हाद शिंदेंकडे असंच बघतो. भक्तिगीतं ज्यांना ठेवायची त्यांनी ठेवावीत, पण तो माणूस आपला आहे, आणि तसं आपणच सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगणार नाही.

नाव पुसलं जाण्याचा हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ‘कंट्री’ नावाचं गावाकडचं संगीत आहे, आणि १९२७ हे त्याचं मोठं साल मानतात. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला राल्फ पीअर नावाच्या माणसानं टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरच्या ब्रिस्टल गावात यंत्र मांडलं आणि कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स यांचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर घेतलं. त्याच्या चारच महिने आधी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. ते संगीत गोऱ्या गावकऱ्यांचं म्हणून जगभर विकलं गेलं. पण त्यातला बॅन्जो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी घडवलेला. ए. पी. कार्टर डोंगराळ भागात गाणी गोळा करत फिरायचे तेव्हा सोबत लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचे आणि रिडल चाल लक्षात ठेवायचा. तबकड्यांवर नाव कार्टर यांचं आलं. डिफोर्ड बेली हा काळा माऊथ ऑर्गनवाला त्यांच्या सगळ्यात मोठ्या रेडिओ कार्यक्रमाचा तारा होता. १९४१ साली त्याला काढलं. पुढे तो लोकांचे बूट पॉलिश करून जगला, १९८२ साली वारला, आणि कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं २००५ साली. मेल्यावर तेवीस वर्षांनी.

आता प्रस्थापितांनी नाव पुसलं तर आपण भांडू. पण आपणच पुसलं तर? मोबाईलवर भीमगीतं ऐकताना खाली बघा. कंपनीचं नाव असतं, डीजेवाल्याचं नाव असतं, मिक्सिंग करणाऱ्याचं असतं. गीतकाराचं नाव शोधावं लागतं. एका वस्तीत आम्ही जयंतीच्या तयारीला आलेल्या पोरांना विचारलं, हे गाणं कुणाचं? सगळ्यांनी डीजेचं नाव सांगितलं. गाणं वामनदादांचं होतं. पोरांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डीजेचा विषय निघाला की आमच्यावर एक आरोप होतो, की तुम्ही शिकलेली माणसं गरिबाच्या पोराला नाचूही देत नाही. आरोप हसून सोडून देण्यासारखा नाही. ज्या गावात आपल्या मिरवणुकीचा रस्ता अजूनही वादाचा होतो, तिथे भिंती हादरवणारा आवाज ही पोराला स्वतःची ताकद वाटते. त्या रस्त्यावरचा आपला हक्क आम्ही सोडायला सांगत नाही. पण रस्ता मिळाल्यावर आपण बोलणार काय? जलशात सवाल-जवाब होते. माणूस घरी जाताना डोक्यात एक विचार घेऊन जात होता. डीजेत शब्दच ऐकू येत नाहीत. आणि त्याचे पैसे येतात कुठून? कुणाच्या ऊसतोडीच्या उचलीतून, कुणाच्या एमआयडीसीतल्या ठेकेदारी पगारातून, कुणा बाईच्या खुरपणीच्या रोजातून. एवढ्या घामाच्या वर्गणीतून एक रात्र तरी गायन पार्टीला मिळू नये?

बाबासाहेबांची दहा भाषणं आणि शाहिराचं एक गाणं सारखं, असं त्यांच्या नावानं आपण प्रत्येक मंचावरून सांगतो. मग समोरच्या शाहिराला आधी बोलून ठरवलेलं मानधन का देत नाही? हार घालतो आणि पाकिटाचं नंतर बघू म्हणतो.

यात एक व्यवहाराची बाब आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट ऐकावी. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. आपले म्हातारे गायक, ढोलकीवाले, पेटीवाले चाळीस-चाळीस वर्षं वस्त्यांवर गायले, वाजवत राहिले, पण कागद कुठे आहे? पत्रिकेवर पुढाऱ्यांचे फोटो छापले, गाणाऱ्याचं नाव ‘भीमगीतांचा कार्यक्रम’ या दोन शब्दांत संपवलं. तीच पत्रिका आज त्या माणसाचा पुरावा झाली असती. म्हणून या वर्षीपासून प्रत्येक जयंती मंडळानं पत्रिकेवर गायक-वादकांची पूर्ण नावं गावासकट छापावीत, कार्यक्रम झाला की मंडळाच्या शिक्क्याचं पत्र द्यावं, आणि अर्ज भरायला एका शिकलेल्या पोरानं सोबत जावं. यासाठी क्रांतीची वाट बघायची गरज नाही.

आणि बायांना विसरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. या बायांना कुणी कवयित्री म्हटलं नाही, मंचावर बोलावलं नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत भीमाचा पाळणा म्हणणारी एखादी आजी असते. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तिची परवानगी घ्या, रेकॉर्ड करा, तिचं नाव, गाव, तारीख लिहा, आणि ते रेकॉर्डिंग तिच्या घरातही ठेवा. बाहेरचे संशोधक येऊन लिहितील याची वाट बघू नका.

२००४ साली दोन माणसं गेली. ते आपल्या हातात नव्हतं. त्यांच्यामागे गाणं पुढे देण्याची जी रीत मोडत चालली आहे, ती आपल्या हातात आहे. बारामती आणि इंदापूरच्या बुद्धविहारांनी १५ मे आणि २३ जून या दोन तारखा आपल्या वर्षाच्या कार्यक्रमात लिहाव्यात. फोटोला हार घालून घरी जाण्यासाठी नको. त्या दिवशी परिसरातल्या एका जुन्या गायकाला बोलवा, मानधन आधी ठरवा, आणि प्रत्येक गाण्याआधी ते कुणी लिहिलं आणि कुणी गायलं हे माईकवरून सांगा.

जय भीम, नमो बुद्धाय.