दादा, अकोल्याला ये

दादा,

गेल्या दिवाळीत गाडीवरून पडलास, नडगीत सळी घातली. आता पोळा तोंडावर आला तरी हातातली काठी सुटली नाही. परवा फोनवर म्हणालास, "नशिबात असंल तर जुळंल." मला रागच आला. सोयाबीन पिवळं पडलं की तू नशिबाला बोल लावतोस, की रोप उपटून मूळ पाहतोस?

नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच पुढे सरकलं नाही, तर हाड आपणहून जुळत नाहीये असं डॉक्टर धरतात. नडगीला पुढून मांस नाही, रक्तपुरवठा बेताचा. तिथे हे जास्त होतं. पण कारण शोधावं लागतं रे. तुटल्या टोकांशी हाड फुगलेलं दिसलं, तर त्यात जीव आहे, फक्त ते हलतंय. घट्ट बसवलं की बहुधा जुळतं. टोकं सुकून निमुळती झाली असतील, तर कमरेचं हाड काढून तिथे भरतात. आणि आत पू असेल, तर आधी तो साफ करायचा. मधे जखमेतून पाणी यायचं, आठवतं? वहिनीला गप्प बसवलंस तू. आता मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस, मग तपासणीत जंतू सापडत नाहीत.

आणि तंबाखू! फोनवर बोलतानाही मळत असतोस, चुन्याची डबी वाजते ती मला ऐकू येते. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. हाडाला रक्त मिळायचं कुठून?

इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी असाच वर्षानुवर्षं लंगडत होता. 1980 साली तो सायबेरियात कुर्गानला गेला. तिथे डॉ. इलिझारोव्ह पायाभोवती कड्या आणि तारा बसवून हाड जुळवत, कमी पडलेलं हाड रोज 1 मिलिमीटर वाढवत. माउरीचा पाय बरा झाला, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी ही पद्धत शिकून घेतली. तुला सायबेरियाला जायला नको. इथे अकोल्यातच डॉ. मिलिंद चौधरी कित्येक वर्षं हेच काम करतात. तुला ती चौकट लागेलच असं नाही. पण दाखव तरी!

शारंगधर बालाजीच्या देवळात मला खांद्यावर घेऊन जायचास, मी कधी "चालत ये" ऐकलं नाही तुझ्याकडून. आता माझं एवढं ऐक. पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे आण, नुसता शेवटचा नको. साखर तपासून ये. आणि वहिनीला सोबत आणच. जखमेचं खरं काय ते तीच सांगेल.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच