राजाचे पाय

राजाच्या डोक्यावर काय असतं, हे आपल्याला शाळेपासून पाठ. त्याच्या पायांची मात्र कुणी विचारपूस करत नाही. ती केली वेल्सच्या लोकांनी.

दहाव्या शतकात तिकडे हवेल दा, म्हणजे ‘भला हवेल’, नावाचा राजा होऊन गेला. ९५०च्या सुमारास वारला. त्याच्या नावावर चालणारे कायदे तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत सापडतात. कायद्याचं पुस्तक म्हटलं की मला जांभई येते. पण हे वाचताना झोप उडाली.

दरबारात मुख्य मानकरी चोवीस. प्रत्येकाची जागा, काम आणि मिळकत ठरलेली. एक जण नुसता खांबावर फटका मारून सगळ्यांना गप्प करणारा. राणीला गाणं ऐकावंसं वाटलं, तर दरबारी कवीनं ते हळू आवाजात म्हणायचं. दरबाराला त्रास नको!

राजाचा अपमान झाला तर भरपाईत गाई तर होत्याच, शिवाय राजाच्या चेहऱ्याएवढी रुंद सोन्याची तबकडी. जाडी किती? सात वर्षं नांगर धरलेल्या माणसाच्या नखाएवढी. नवशिक्याचं नख चालायचं नाही! राजाची अब्रू मोजायला माप कुणाचं, तर नांगऱ्याचं.

पण माझा जीव जडला तो एका साध्या नोकरावर. राजा जेवायला बसला की त्याचे पाय आपल्या मांडीवर घ्यायचे, ते तो निजायला उठेपर्यंत. बस्स, हे त्याचं काम. मी घरी टीपॉयवर पाय ठेवले तर टीपॉयची बाजू घेणारे तिघे उठतात. तर ते असो.

गंमत पुढेच आहे. राजाचे पाय मांडीवर असेपर्यंत या माणसाला अभय देण्याचा हक्क होता. कुणी अपराधी त्याच्या आश्रयाला आला, तर त्याला सुखरूप बाहेर जाऊ द्यायचं, असा कायदा. म्हणजे ताटावर राजा हात मारतोय आणि टेबलाखाली दयेचं खातं उघडं!

१२८२-८३ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं वेल्स जिंकलं आणि ते दरबार संपले. मोठ्यांचे पाय धरणारे आणि ओढणारे आपण आजही रोज बघतो. पण पाय धरून दुसऱ्या कुणाला तरी सोडवणारा? तो मी अजून शोधतोय.