लेन्स, सही आणि माझा उजवा हात



वढवाणा तलावावरच्या हंसांचे फोटो मी इथे टाकले, तेव्हा दहा-बारा जणांनी विचारलं, "काका, कॅमेरा कोणता?" कॅमेरा अगदी साधा आहे हो. मुलाने नवा घेतला आणि त्याचा जुना कॅनन 1500डी मला दिला. खरं विचारायला हवं ते लेन्सबद्दल. आणि लेन्सबद्दल सांगायचं तर आधी माझ्या उजव्या हाताबद्दल सांगावं लागेल. ते आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

मी दांडिया बाजारातला. इथल्याच युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली पुष्कळशी काउंटरवर. चेक आला की स्पेसिमेन कार्ड काढायचं, सही लावून बघायची आणि जुळली नाही तर 'सिग्नेचर डिफर्स' म्हणून परत करायचा. म्हातारी माणसं यायची, पेन धरताना हात कापायचा. मी म्हणायचो, "आजोबा, सावकाश, पुन्हा एकदा करा." आवाजात थोडी घाई असायचीच, कारण मागे रांग.

तीन वर्षांपूर्वी माझाच चेक परत आला. काउंटरवरची मुलगी माझ्या नातीएवढी असेल. तिने फार आदराने सांगितलं, "काका, सही जुळत नाहीये. परत एकदा कराल?" मी तीनदा केली. तिन्ही वेगळ्या. चूक तिची काहीच नव्हती, मीही तेच केलं असतं. पण घरी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले हा पार्किन्सन नाही, नुसता कंप आहे. त्या दिवसापासून मी कपबशी सोडून मग घेतला. मगाचा आवाज होत नाही. सौ.ने बघितलं, बोलली काही नाही.

असो. कॅमेऱ्याबरोबर 18-55 ही लेन्स होती. घरातले समारंभ, सूरसागर, कमाटीबाग यांना ती पुरते. पक्ष्यांना नाही. डभोईच्या पलीकडे वढवाणा तलाव आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 मध्ये, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. 2021 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. थंडीत तिथे हजारोंनी पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस तर बघतच राहावेत. माझ्या फोटोत मात्र पाणी, आभाळ आणि मध्ये मोहरी सांडल्यासारखे ठिपके.

मग झूम लेन्स घ्यायची ठरली. रावपुऱ्यातल्या दुकानात परवडण्यासारख्या दोन निघाल्या. एक 75-300, दुसरी 55-250 आयएस एसटीएम. दुसरी साडेपाच हजारांनी महाग. कॉमर्सच्या माणसाने काय हिशेब केला असेल? 300 हे 250 पेक्षा मोठं, वर पैसे कमी. दुकानदाराने विचारलं, "काका, हाथ स्थिर छे ने?" मी म्हटलं, "एकदम." आणि दोन्ही हात काउंटरखाली घेतले.

पहिल्या सहलीत एकशे चाळीस फोटो काढले. रात्री नातीने लॅपटॉपवर बघितले आणि म्हणाली, "आजोबा, फोकस बरोबर आहे. तुमचा हात हललाय." तिला कसं कळलं? तिने फोटो मोठा करून दाखवला. पक्षी हलला तर नुसता पक्षी पुसट होतो. इथे पक्षी, पाण्यातला खुंट, मागची झाडं, सगळं एकाच दिशेला फरफटलेलं. मी म्हटलं, वारा होता. ती म्हणाली, "खुंटालापण?"

इथे जरा हिशेब सांगतो, कारण तो मला दुकानात कळायला हवा होता. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे 300 ची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या 480 सारखी वागते. जितकं लांबचं जवळ आणाल तितकी हाताची थरथरही मोठी होते. चांगल्या हाताच्या माणसानेसुद्धा शटर निदान 1/500 ठेवावं असा ढोबळ नियम आहे. सकाळी सात वाजता, धुक्यात, या स्वस्त लेन्सांना तेवढा उजेड मिळत नाही, कारण पूर्ण झूमवर त्यांचं भोक 5.6 पेक्षा मोठं उघडत नाही. आयएसओ वाढवला तर फोटोत रवा पडतो. तरी मी सगळं करून बघितलं. आयएसओ 3200. मग ट्रायपॉड. तो घेऊन तलावाच्या बांधावरून चालताना गुडघे बोलायला लागले आणि तो उघडून होईपर्यंत हंस पलीकडच्या काठावर गेले होते.

आणि 300 चा मोठेपणा तरी किती? पक्षी 250 पेक्षा जेमतेम वीस टक्के मोठा दिसतो. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढं घरी कापूनही मिळतं. थोडक्यात, जे मी विकत घेतलं ते मला फुकट मिळत होतं, आणि जे पैसे देऊन घ्यायला हवं होतं ते दुकानातच ठेवून आलो होतो. लेन्स वाईट नाही. भर उन्हात, घट्ट हाताच्या माणसाला ती छान काम देईल.

दोन महिने मी त्या दुकानाच्या फुटपाथवरून गेलो नाही. शेवटी सौ. म्हणाली, "चला, मीपण येते." दुकानात गेल्यावर मी दुकानदाराला सरळ सांगितलं, "हात थरथरतो. त्या दिवशी खोटं बोललो." तो हसला नाही. म्हणाला, "पहेला केहवुं हतुं ने, काका." त्याने 55-250 कॅमेऱ्याला लावली, दुकानाबाहेर समोरच्या पाटीकडे बघायला सांगितलं. डोळा लावला. पाटीवरची अक्षरं नेहमीसारखी नाचत होती. बटण अर्धं दाबलं, आत किंचित घर्र झालं, आणि पाटी जागेवर थांबली.

हात माझा तसाच कापत होता, मला जाणवत होतं. समोरचं मात्र थांबलं होतं. मी बराच वेळ बटण सोडलंच नाही. सौ.ला वाटलं काही बिघडलं.

जुनी लेन्स त्याने घेतली, चार हजारांचा घाटा आला. ती फी समजा.

तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर लेन्सवरची अक्षरं वाचा. कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर, टॅमरॉनमध्ये व्हीसी, सिग्मात ओएस, सगळ्यांचा अर्थ एकच, हात सांभाळणारी लेन्स. उडता पक्षी मात्र ती थांबवत नाही, त्याला शटरच वाढवावं लागतं. निकॉनचा डी3000 किंवा डी5000 मालिकेतला कॅमेरा असेल तर एएफ-एस लिहिलेली घ्या. त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, जुनी स्वस्त लेन्स हाताने फिरवत बसावी लागेल. सेकंडहँड घेताना आतून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. गोव्याकडच्या मंडळींनी विशेष.

गेल्या आठवड्यात बँकेत गेलो होतो, नवी स्पेसिमेन सही द्यायला. तीच मुलगी होती. मी सही केली, आडनावाच्या शेवटी ओढ वाकडी गेली. तिने विचारलं, "काका, यापुढे अशीच कराल ना?" म्हटलं, "हो, आता हीच."

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला वढवाण्याला निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. येताना शेव-उसळ माझ्याकडून. ट्रायपॉड कुणाला हवा असेल तर तोही न्या, एकदाच वापरलाय.