तक्रारी : निरंक

पोस्ट मोठी आहे. विषय थोडा तांत्रिक आहे. पण चूक माझी आहे आणि ती जाहीरपणे कबूल करायची आहे, म्हणून लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्याच्या शेवटी मी आमच्या साप्ताहिकात एक लेख लिहिला होता. मथळा होता, 'गाव गप्प का?' मुद्दा असा की पाणी, रस्ते, रेशन, सगळीकडे बोंब आहे. पण लोक आता बोलतच नाहीत. पुराव्यादाखल मी आमच्याच वेबसाइटचा दाखला दिला होता. तिथे 'तुमचा प्रश्न कळवा' नावाचा फॉर्म आहे. नाव, मोबाइल, प्रभाग, तक्रार लिहायची आणि बटन दाबायचं, की ते आम्हाला मेलवर येतं. आधी आठवड्याला पाच-सहा मेल यायचे. एप्रिलच्या मध्यापासून एकही नाही. मी लिहिलं, 'लोकांनी आशाच सोडली आहे.' चार जणांनी फोन करून लेख आवडल्याचं सांगितलं. मलाही तो बरा जमला असं वाटत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त गुरुजी भेटले. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "नमस्कार राहू द्या. तीन वेळा लिहिलं तुम्हाला. छापायचं नसेल तर नाही म्हणून कळवायचं, एवढंच. वर आम्ही गप्प आहोत म्हणून तुम्हीच छापता."

मला वाटलं, गुरुजींचा काहीतरी घोळ झालाय. म्हटलं, "गुरुजी, आलंच नाही हो काही." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि स्क्रीनशॉट दाखवला. आमचंच बोधचिन्ह, आमचाच हिरवा रंग, आणि खाली, 'धन्यवाद! आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे.'

घरी आलो आणि स्वतःच फॉर्म भरला. धन्यवाद आलं. मेल काही आला नाही. स्पॅम पाहिलं, तिथेही नाही.

हा फॉर्म गावातल्याच एका पोराने २०१६ साली बनवून दिला होता. आता तो पुण्यात कंपनीत आहे. रात्री त्याला फोन केला. म्हणाला, "दादा, सर्व्हरवर काही अपग्रेड झालंय का?" मी म्हटलं, मला काय माहीत. मग मेल शोधला, तर हॉस्टिंग कंपनीचं पत्र एप्रिलमध्येच येऊन पडलेलं. इंग्रजीत होतं, मी उघडलंच नव्हतं. त्यांनी पीएचपी ७.४ बंद करून ८ वर नेलं होतं. पीएचपी म्हणजे वेबसाइटच्या मागे चालणारी भाषा. ७.४ ची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली, त्यामुळे कंपनीचं काही चुकलं नव्हतं. उलट उशीरच केला होता.

पोराने सर्व्हरवरचा एरर लॉग उघडला आणि पाच मिनिटांत रोग सापडला. जुन्या फॉर्ममध्ये 'ईच' नावाची एक आज्ञा वापरली होती. ती काढून टाकणार, असा इशारा २०१७ पासून मिळत होता. पीएचपी ८ मध्ये ती खरंच काढली. त्यामुळे फॉर्मची फाइल त्या ओळीवर आली की तिथेच मरायची. मेल पाठवायची ओळ त्याच्या खाली होती. तिथवर गाडी पोचतच नव्हती.

मी विचारलं, "मग ते धन्यवाद कुठून येतं?"

तो जरा थांबला. "दादा, ते मीच केलं होतं. बटन दाबलं की ब्राउझर लगेच धन्यवाद दाखवतो. सर्व्हर काय म्हणतो याची वाट पाहत नाही. तेव्हा नेट स्लो होतं, लोकांना ताटकळत ठेवायला नको म्हणून."

हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा, की तक्रार मेली तरी पोच मिळत होती.

पुढची दुरुस्तीही सरळ नव्हती. वेबसाइट चालवणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. 'ईच'च्या जागी 'फॉरईच' घातलं. सर्व्हर म्हणाला मेल गेला, तरी आमच्याकडे पोचेना. सर्व्हरचं 'गेला' म्हणजे पोस्टाच्या पेटीत पडलं, एवढंच. पुढे पोस्टमनने काय केलं हे त्याला माहीत नसतं. आमचा फॉर्म मेलवर 'प्रेषक' म्हणून तक्रारदाराचाच जीमेल पत्ता टाकायचा. म्हणजे आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकत होता. त्यातून अपग्रेडमध्ये सर्व्हर बदललेला, आणि आमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्या यादीत, नवा सर्व्हर नाहीच. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून ही तपासणी आणखी कडक केली आहे. जे आधी कसंबसं चालून जायचं, ते बंद झालं.

उपाय असा केला : प्रेषक म्हणून आमच्याच डोमेनचा पत्ता, तक्रारदाराचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, यादीत नव्या सर्व्हरची नोंद, आणि मेल पीएचपीमेलर वापरून रीतसर लॉगिन करून पाठवायचा. मेल आला! पण उघडला तर मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली युरोपी अक्षरं. कारण 'मजकूर यूटीएफ-८ आहे' हे त्याला सांगावं लागतं. एक ओळ वाढवली. रात्री पावणेबाराला पहिला मेल मराठीत आला, 'चाचणी, चाचणी.' इतका आनंद मला पहिली बायलाइन छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

मग मी मूर्खासारखा विचारलं, "मधल्या तक्रारी आता येतील ना?"

"नाही दादा. मजकूर कुठे साठवलाच नव्हता. मेल हीच एक प्रत होती. फक्त अ‍ॅक्सेस लॉग आहे."

अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे फाटकावरच्या वॉचमनची वही. कोण कधी आलं ते असतं, काय बोलायला आलं ते नसतं. त्याने ती यादी काढून पाठवली. सात आठवड्यांत ४१ वेळा कुणीतरी बटन दाबलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच आकडा, ५००. म्हणजे सर्व्हर आतल्या आत कोलमडला. एक ओळ रात्री २ वाजून १७ मिनिटांची होती. एकाने दहा मिनिटांत तीनदा पाठवलं होतं. रात्री सव्वादोनला कोण कशासाठी स्थानिक साप्ताहिकाला लिहीत असेल? ते मला आता कधीच कळणार नाही.

मी म्हणत होतो गाव गप्प आहे. गाव बोलत होतं. मी बहिरा होतो, आणि स्वतःच्या बहिरेपणावर लेख लिहून शाबासकी घेत होतो.

गुरुजींची तक्रार काय होती, तेही सांगतो. त्यांच्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराला चिकटून गेली आहे आणि नळाला गढूळ, वास येणारं पाणी येत होतं. पहिलं पत्र एप्रिलच्या शेवटचं. जूनपर्यंत त्या गल्लीतल्या दोन घरांत कावीळ झाली. ती त्याच पाण्याने झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तपासणी अहवाल माझ्याकडे नाही. पण एप्रिलमध्ये बातमी लागली असती तर निदान पाण्याचा नमुना घेतला गेला असता. त्या दोन्ही घरी जाऊन आलो. एका माउलीने चहा दिला आणि म्हणाली, "तुम्ही तरी आलात." तो चहा घशाखाली उतरेना.

आता सार्वजनिक भाग. गुरुजींनी हीच तक्रार आमच्या इथल्या एका स्थानिक कार्यालयाच्या वेबसाइटवरही केली होती. मी तिथेही फॉर्म भरून पाहिला. धन्यवाद आलं, क्रमांक आला नाही. मग माहिती अधिकारात विचारलं : गेल्या वर्षभरात ऑनलाइन तक्रारी किती आल्या? अर्ज हातात दिला आणि शिक्का मारून पोच घेतली. मुदतीत, ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. एकच शब्द. 'निरंक.'

निरंक! सरकारी मराठीतला किती निवांत शब्द आहे हा. चौकशी केली तेव्हा कळलं, फॉर्म ज्या मेलवर जातो त्याचा पासवर्ड बदलून गेलेल्या साहेबांकडे होता. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण तोच 'निरंक' अहवालात जातो, अहवाल सभेपुढे जातो, आणि शेवटी कारभार उत्तम असल्याचा पुरावा ठरतो. माझ्या लेखात आणि त्या अहवालात फरक एवढाच, की मी लोकांना दोष दिला आणि त्यांनी स्वतःची पाठ थोपटली. बंद पडलेला फॉर्म दोघांचाही साक्षीदार होता.

आमचे वडील तहसीलला जाताना अर्जाच्या दोन प्रती न्यायचे. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय बाकावरून उठायचे नाहीत. आम्ही पोरं हसायचो. आज कळतं, तो शिक्का म्हणजे 'मी बोललो होतो' याचा पुरावा होता. ऑनलाइनच्या घाईत आपण रांग घालवली हे चांगलंच झालं. पण रांगेबरोबर आवक क्रमांकही घालवला.

आमच्या फॉर्ममध्ये आता एवढं केलंय. तक्रार आधी साठवली जाते, मेल नंतर जातो. साठवली गेली तरच धन्यवाद दिसतं, आणि सोबत क्रमांक मिळतो. काही बिघडलं तर 'तक्रार पोचली नाही, कृपया फोन करा' असं स्पष्ट येतं. दर सोमवारी सकाळी मी स्वतः एक चाचणी तक्रार पाठवतो. आणि आठवडाभर काहीच आलं नाही, तर आधी फॉर्म तपासतो, मग समाजावर भाष्य करतो.

सरकारी कार्यालयांकडे मागणीही एवढीच आहे. फॉर्म ठेवा, नाहीतर काढून टाका. पण ठेवलात तर क्रमांक द्या, आणि पासवर्ड माणसाच्या बदलीबरोबर जाऊ देऊ नका.

एप्रिल-मे-जूनमध्ये ज्यांनी आम्हाला लिहिलं, त्या सगळ्यांची माफी. कृपया पुन्हा लिहा. क्रमांक आला नाही तर सरळ ऑफिसला या. वही उघडी आहे आणि शिक्काही नवीन करून आणलाय. तुम्ही गप्प नव्हता, हे पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापतोय.