पिवळा दिवा, उंदीर आणि जयणा



आज विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या काट्यांजवळ इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. चालत्या गाडीत तो लागून राहिला, तर बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "गाडी चालतेय ना? मग राहू दे." आमच्याकडेही तेच झालं.

महाडात पाऊस वाढला की सगळ्यांचे डोळे सावित्री आणि गांधारीच्या पाण्याकडे लागतात. २०२१ च्या जुलैतला पूर पाहिल्यापासून तर जरा पाणी चढलं की लोक गाड्या उंचावर नेऊन लावतात. आमची गाडीही अशीच चार दिवस एका धान्याच्या गोदामाच्या आडोशाला उभी होती. पुढे नणंदेच्या अठ्ठाईच्या पारण्याला पोलादपूरला निघालो, तर वाटेत हा दिवा लागला. आवाज नाही, धूर नाही, गाडी अगदी सुरळीत.

परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावलं, दोन बटणं दाबली आणि दिवा घालवला. तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. आता तो म्हणाला, "शेठ, मागच्या सेन्सरची लाइन गेलीय. उंदराचं काम. एक रेझिस्टर टाकतो, कॉम्प्युटरला कळणारच नाही. आणि रात्री बॉनेटमध्ये विषाची वडी ठेवा." हे तयार झाले होते. मी म्हटलं, दोन्ही नको.

हा सेन्सर काय करतो ते आधी समजून घेऊ या. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांतून जाताना बरीचशी निरुपद्रवी होतात. डब्याच्या आधीचा सेन्सर इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण सांभाळायला मदत करतो. डब्याच्या नंतरचा सेन्सर तपासनीस आहे. डबा आपलं काम करतोय की नाही, एवढं तो बघतो. सेन्सर लवकर तापून कामाला लागावा म्हणून त्यात छोटा हीटर असतो. आमच्या गाडीचा कोड होता पी ०१४१, म्हणजे याच मागच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड.

नुसता कोड पुसणं म्हणजे वहीतली उधारीची ओळ खोडणं. ओळ गेली तरी देणं फिटत नाही. दोन-चार फेऱ्यांत कॉम्प्युटर तोच बिघाड पुन्हा पकडतो. रेझिस्टरची युक्ती त्याहून वाईट. तिथे देणं तसंच राहतं आणि वहीत मात्र "जमा" लिहिलं जातं.

भाच्याने पोलादपूरचा एक मेकॅनिक सुचवला. त्याने आधी कोड कागदावर लिहून घेतला, मग गाडी वर उचलून मीटरने तपासलं. "काकी, सेन्सर चांगलाय. वायर कुरतडलीय." वायर जोडून, वर उष्णता सोसणारी नळी चढवून त्याने कोड पुसला. चारशे रुपये झाले. दिवा आजतागायत लागलेला नाही.

आता उंदराचं. गाडी चालवली की हिंसा होतेच. आपल्याकडे वायुकायही जीव मानले आहेत आणि संसारात राहून श्रावकाला त्यांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. म्हणून जयणा सांगितली आहे. होणारी हिंसा शक्य तेवढी कमी करायची. पण मारायचं ठरवून विष ठेवणं ही संकल्पी हिंसा. उंदीर पंचेंद्रिय जीव आहे आणि तारा कुरतडणं हा त्याचा स्वभाव आहे. आम्ही गाडी गोदामाजवळ लावणं बंद केलं. डिकीत खाऊचा कणही ठेवत नाही. वायरींना जाळीचं वेष्टन घातलं. पावसाळ्यात गाडी उभीच असली तरी एक दिवसाआड बॉनेट उघडून बघतो. मेहनत आहे, पण घरात विष आलं नाही.

हे म्हणाले, "पीयूसी आहे की आपल्याकडे." आहे. पण पीयूसीचं यंत्र त्या घडीचा धूर मोजतं. उद्या डबा निकामी झाला, तर सांगणारा तो मागचा सेन्सरच. चातुर्मास संपला की साध्वीजी महामार्गाच्या कडेने पायी विहार करतात. त्यांच्या सोबत चार पावलं चालून बघा. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर नाकात जातो. सर्टिफिकेट गाडीत राहतं, धूर मात्र त्यांच्या वाट्याला येतो.

आपण रोज प्रतिक्रमण करतो. त्यात आधी आलोचना असते, दोष सांगायचा असतो. सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं, तर पुढचं "मिच्छामि दुक्कडम्" कशाचं?

एवढं लक्षात ठेवा. दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी या, पण आठवड्याभरात कोड वाचून घ्या. दिवा उघडझाप करत असेल, तर इंजिनात पेट्रोल नीट जळत नाहीये. ते न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि डबा लाल होईपर्यंत तापू शकतो. आंबेनळी किंवा कशेडीच्या चढावर असं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर पुढे जाऊच नका. आणि मेकॅनिकला विचारा, "काय दुरुस्त केलंत?" "दिवा घालवला" हे त्याचं उत्तर नव्हे.

जय जिनेंद्र.