साच्याचे माप आणि अस्तर

सिंगापूर

चि. सौ. मीनास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. घरी साबण करण्याची सारी तजवीज झाली, साचा तेवढा ठरायचा आहे, असे तू लिहितेस. परंतु माझ्या मते साचा हाच या कारभारातला पहिला प्रश्न होय, कारण तेल किती घ्यायचे हे तो ठरवतो आणि तेलावरून कॉस्टिक सोड्याचे वजन ठरते, ज्यात अंदाजपंचे चालत नाही.

साच्याची आतली लांबी, रुंदी आणि साबण जेथवर भरायचा तेथवरची उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकाराची ०.७ पट कर, म्हणजे तेलाचे ग्रॅम निघतात. सोडा व पाणी यांची जागा त्यात आधीच वजा धरलेली आहे. माझी पेटी आतून २० बाय ८, भरणा ६, म्हणजे तेल ६७२ ग्रॅम. साचा वेडावाकडा असल्यास तो तांदळाने काठोकाठ भरून ते तांदूळ मापी भांड्यात ओतावेत; पाण्याने लाकूड फुगते.

अ‍ॅल्युमिनियमचा केकचा डबा सर्वस्वी वर्ज्य, कारण सोडा तो धातू खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. सिलिकॉनच्या साच्यांना अस्तर लागत नाही हे खरे, तथापि त्यांत साबण घट्ट व्हायला वेळ लागतो. आणि विषुववृत्तापासून दीड अंशाच्या आत वसलेल्या या शहरी, जेथे साबणातले ग्लिसरीन हवेतली ओल ओढून वड्यांना घाम फोडते, तेथे मला तरी लाकडी पेटीच बरी वाटते.

अस्तराला सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद घे. मेणकागदाचे मेण साबण तापताच वितळते. एका कागदाच्या कोपऱ्यांत चुण्या घालीत बसण्यापेक्षा दोन पट्ट्या काप: एक पेटीच्या रुंदीची, लांबीभर जाणारी, दुसरी लांबीची, आडवी. दोन्हींची टोके काठाबाहेर तीन बोटे राहू देत, म्हणजे त्यांना धरून लादी उचलता येते. घड्या पट्टीने दाबून घे, कारण सुरकुती वडीवर जशीच्या तशी उमटते. कोपऱ्यांतून गळेल ही धास्ती नको. ओतण्याजोगे झालेले मिश्रण पिठल्याइतके दाट असते. तुझे काका म्हणतात, एवढ्या मोजमापात एखादी कचेरी उभी राहिली असती. त्यांनी आंघोळीपुरते बोलावे.

पेटीची तिन्ही मापे आणि तेलांची नावे उलट टपाली कळव. खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा सोडा बराच अधिक लागतो, तेव्हा ती कळल्यावाचून आकडा लिहून देणार नाही.

तुझी
मावशी